मले काईच झालं नाई, त गोया कायले खाऊ?

(पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा. पण पूर्व विदर्भात राहत असाल तर वाचाच.)

हत्तीरोगाच्या गोळ्यांची मोहीम आली की आपल्याकडे गावोगावी हे वाक्य ऐकू येतं. दारात आशाताई उभी. हातात गोळ्यांचा डबा, उंची मोजायची पट्टी, बोटाला लावायची शाई, रजिस्टर. घरातला कर्ता माणूस म्हणतो, "ठेवून जा ताई, जेवल्यावर घेतो." गोळ्या फडताळात जातात आणि दिवाळीच्या साफसफाईत बाहेर निघतात. सुशिक्षित घरांत तर याहून वाईट. तिथे दारच उघडत नाही.

मला त्या माणसाचा राग येत नाही. त्याचा प्रश्न रास्त आहे. ज्याला ताप नाही, सूज नाही, दुखत नाही, त्याने औषध का घ्यावं? सरकारी पत्रकात याचं उत्तर एवढंच असतं की "हत्तीरोग टाळण्यासाठी गोळ्या घ्या". हे उत्तर नाही, ही सूचना झाली. खरं उत्तर गेल्या दहा-पंधरा वर्षांत प्रयोगशाळांमध्ये हळूहळू उलगडत आलं आहे. ते आपल्या भाषेत कोणी सांगत नाही म्हणून ही पोस्ट.

आधी जंताची ओळख. आपल्याकडच्या हत्तीरोगाचा जंत म्हणजे वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी. घाण, साचलेल्या पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास तो पसरवतो. मादी आठ-दहा सेंटिमीटर लांब, जाडीला शिवणदोऱ्यासारखी. ती आपल्या लसिकावाहिन्यांमध्ये, म्हणजे जांघेत, काखेत, पुरुषांच्या वृषणाभोवती वेटोळं करून राहते. साधारण सहा ते आठ वर्षं जगते आणि त्या काळात लाखो पिल्लं रक्तात सोडते. या पिल्लांना मायक्रोफायलेरिया म्हणतात. दिवसा ती फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री अंगभर फिरतात, कारण आपला डास रात्री चावतो. म्हणूनच हिवताप कार्यालयाचं पथक रात्री रक्त घ्यायला येतं. लोक त्यावरून विनोद करतात, पण दिवसा घेतलेल्या थेंबात हा चोर सापडत नाही.

आता एक साधी गोष्ट लक्षात घ्या. शेतात पायात बाभळीचा काटा मोडला तर दोन दिवसांत तिथे पू होतो. शरीराला परकी वस्तू लगेच कळते आणि ते कामाला लागतं. काटा असतो अर्ध्या सेंटिमीटरचा. इथे बोटभर लांबीचा जिवंत प्राणी वर्षानुवर्षं अंगात राहतो, खातो, पिल्लं घालतो, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. शरीराचे पहारेकरी एवढे गाफील कसे राहतात?

तर जंत त्यांना गाफील ठेवतो. त्याच्याकडे यासाठी बरीच हत्यारं आहेत. तो वेगवेगळी प्रथिनं सोडतो, हे जुनं ज्ञान. नवीन कळलेलं हत्यार म्हणजे छोटे आरएनए.

हे काय प्रकरण आहे ते आपल्या तहसील कचेरीच्या उदाहरणाने सांगतो. पेशीतला डीएनए म्हणजे रेकॉर्ड रूममधलं मूळ दप्तर. ते बाहेर काढत नाहीत. काम करायचं असेल तर त्याची नक्कल काढतात, ती म्हणजे मेसेंजर आरएनए. नकलेवरून प्रथिनं तयार होतात, म्हणजे प्रत्यक्ष काम होतं. आता कल्पना करा की कोणीतरी एक बारकी चिठ्ठी आणून त्या नकलेला डकवली: "हरकत आहे, कार्यवाही करू नये." नक्कल तशीच पडून राहते किंवा फाडून टाकली जाते. जेमतेम बावीस अक्षरांची ही चिठ्ठी म्हणजे मायक्रोआरएनए. मूळ दप्तराला धक्का लागत नाही, पण काम थांबतं. (कचेरीत अशा चिठ्ठ्या कोण लावतं हे आपल्याला माहीत आहे, तो विषय वेगळा.)

ही चिठ्ठी पहिल्यांदा सापडली तीही एका जंतातच. सी. एलेगन्स नावाचा एक मिलिमीटर लांबीचा, मातीत राहणारा, कोणालाही त्रास न देणारा सूत्रकृमी आहे. १९९३ साली अमेरिकेत व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकून या दोघांच्या प्रयोगशाळांनी त्यात लिन-४ नावाचा पहिला मायक्रोआरएनए शोधला. तेव्हा कोणी फारशी दखल घेतली नाही. किड्याचं काहीतरी असेल, एवढंच. पुढे २००० साली त्याच किड्यात लेट-७ सापडला आणि तो माशीपासून माणसापर्यंत जसाच्या तसा आढळला. मग मात्र धावपळ सुरू झाली. २०२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल अँब्रोस आणि रव्हकून यांना मिळालं. त्याआधी २००६ चं नोबेल अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांना मिळालं होतं. तेही याच किड्यावरच्या १९९८ सालच्या कामाला, दुपदरी आरएनए आत सोडून हवं ते जनुक गप्प करता येतं या शोधासाठी.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच वर्तमानपत्रांनी छापली. पुढची छापली नाही, आणि आपल्या कामाची तीच आहे.

मातीतला जंत या चिठ्ठ्या स्वतःच्या पेशींसाठी वापरतो. परजीवी जंत त्या दुसऱ्याच्या घरात पाठवतो. २०१४ साली एडिनबरोच्या एमी बक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या आतड्यात राहणाऱ्या एका जंतावरचं काम प्रसिद्ध केलं. हा जंत अतिसूक्ष्म पिशव्या बाहेर सोडतो, त्या पिशव्यांत त्याचे छोटे आरएनए असतात, पिशव्या उंदराच्या पेशींत शिरतात आणि तिथे प्रतिकारशक्तीची काही जनुकं दबतात. म्हणजे जंताने आपली हरकतीची चिठ्ठी थेट यजमानाच्या कचेरीत नेऊन डकवली. याच गटाने पुढे या पिशव्या लसीसारख्या वापरून पाहिल्या. उंदराच्या शरीराने त्या ओळखायला शिकल्यावर जंताला तिथे टिकणं अवघड झालं.

हत्तीरोगाच्या जंताचं काय? वुचेरेरियाचा चुलतभाऊ आहे ब्रुजिया मलायी. त्यानेही हत्तीरोग होतो. आपल्या देशात तो केरळच्या चेरतला भागात बराच होता. आयोवा स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवलं की ब्रुजियाच्या अळ्याही अशा पिशव्या सोडतात. विशेष म्हणजे डासातून माणसात शिरण्याच्या अवस्थेतली अळी त्या सगळ्यात जास्त सोडते. बरोबरच आहे, नव्या घरात शिरताना पहारा झोपवण्याची गरज सर्वात जास्त. त्या पिशव्यांतल्या आरएनएमध्ये लेट-७ होता. अक्षरन् अक्षर आपल्या शरीरातल्या लेट-७ सारखा. आपल्याच हस्ताक्षरातली चिठ्ठी!

आता आशाताईच्या डब्यातल्या गोळ्यांकडे येऊ. त्यातली एक आहे आयव्हरमेक्टिन. कोविडच्या काळात हिचं नाव नको तिथे गाजलं, पण जंतांवर ती खरोखर मोठी गोष्ट आहे. २०१५ चं अर्धं नोबेल तिच्यासाठी ओमुरा आणि कॅम्बेल यांना मिळालं. हिचं एक कोडं होतं. रुग्णाला गोळी दिली की रक्तातली पिल्लं पाहता पाहता नाहीशी होतात. पण काचेच्या बशीत पिल्लं ठेवून, रक्तात असतं तेवढंच औषध घातलं तर ती मरत नाहीत. मजेत वळवळत राहतात. मग शरीरात मारतं कोण?

२०१० च्या सुमारास धागा लागला. या औषधाचा जंतातला नेम नेमका त्याच्या उत्सर्जनाच्या छिद्राभोवतीच्या स्नायूंवर बसतो आणि त्याचं बाहेर काही सोडणंच कमी होतं. नंतर आयोवाच्याच गटाने दाखवलं की आयव्हरमेक्टिनमुळे ब्रुजियाच्या त्या पिशव्याही कमी सुटतात. या सगळ्याचा अर्थ आज असा लावला जातो की गोळी पिल्लांना स्वतः मारत नसावी. ती त्यांची चिठ्ठी-पत्री बंद पाडते. चिठ्ठ्या थांबल्या की पहारेकरी जागे होतात, त्यांना समोर शत्रू दिसतो आणि तेच त्याला संपवतात. गोळी घेतल्यावर काहींना ताप येतो, डोकं दुखतं, अंग मोडून येतं. ते बऱ्याचदा या लढाईचं लक्षण असतं, आणि ज्याच्या रक्तात जास्त पिल्लं त्याला जास्त. "गोया खाल्ल्या अन् आजारी पडलो" म्हणणाऱ्याच्या अंगात बहुधा पिल्लं होती. (त्रास जास्त वाटला तर आरोग्य केंद्रात जाच. आणि लहान बाळं, गरोदर बाया, गंभीर आजारी माणसं यांना या गोळ्या देत नाहीत, तो नियम आशाताईला पाठ असतो.)

म्हणजे मथळ्यातल्या प्रश्नाचं उत्तर असं: भाऊ, तुला काहीच झालेलं नाही असं तुला वाटतं, कारण अंगात जंत असला तर तुला तसं वाटावं हे त्याचं कामच आहे. पाय सुजेपर्यंत थांबलास तर खूप उशीर होतो. तोवर लसिकावाहिन्यांचं कायमचं नुकसान झालेलं असतं आणि कित्येकदा जंत केव्हाच मेलेला असतो.

हे एवढं सोपं उत्तर एकाही पत्रकात का नाही, हा माझा आरोग्य खात्याला पहिला प्रश्न आहे. लोकांना विज्ञान कळत नाही हा समज अधिकाऱ्यांचा. ज्या शेतकऱ्याला टोमॅटोच्या मुळावरच्या गाठी बघून सूत्रकृमी ओळखता येतो, त्याला अंगातला सूत्रकृमी समजावून सांगणं कठीण नाही.

दुसरा मुद्दा पैशाचा.

जनुक गप्प करण्याची ही कला किड्यात सापडली आणि तिची औषधं झाली. २०१८ साली अमेरिकेत असं पहिलं औषध मंजूर झालं, पॅटिसिरान, एका दुर्मीळ आनुवंशिक आजारावरचं. त्यानंतर कोलेस्टेरॉल कमी करणारं, सहा महिन्यांतून एकदा टोचायचं इंजेक्शन आलं. उत्तमच झालं, हृदयरोग्यांना त्याचा उपयोग होतो. पण गंमत बघा. जंताकडून शिकलेली विद्या कोलेस्टेरॉलपर्यंत पोचली, जंताने ग्रासलेल्या माणसापर्यंत नाही. हत्तीरोगावर आपण आजही डीईसी देतो, ज्याचा शोध १९४७ चा. अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन १९७० च्या दशकातले. तिन्ही औषधं एकत्र द्यायची कल्पना नवीन आहे आणि ती चांगली ठरली. पापुआ न्यू गिनीतल्या चाचणीत एका डोसनंतर जवळजवळ सगळ्यांच्या रक्तात तीन वर्षं पिल्लं दिसली नाहीत. आपल्या देशात ही तिहेरी मोहीम सुरुवातीला ज्या मोजक्या जिल्ह्यांत झाली त्यात नागपूर होता. पण पूर्ण वाढलेल्या जंताला खात्रीने आणि लवकर मारणारं, मोहिमेत वाटता येईल असं औषध अजून नाही. गरिबांचा आजार, गिऱ्हाईक नाही, म्हणून संशोधन नाही. याला दुसरं कारण मला दिसत नाही.

औषधाइतकीच तपासणीचीही अडचण आहे. देशाने हत्तीरोग दुरीकरणाची मुदत आधी २०१५ ठेवली होती, आता ती २०२७ आहे. मधल्या तारखा मोजत नाही. शेवट जवळ आला की शोध अवघड होत जातो, हे पोलिओच्या वेळी आपण पाहिलं. रात्रीच्या थेंबात पिल्लं दिसतात, पण ती थोडी असतील तर निसटतात. पट्टीवरची तपासणी दिवसाही होते, सहा-सात वर्षांच्या शाळकरी मुलांची तीच करतात. पण ती जंताच्या प्रतिजनावर चालते आणि जंत मेल्यावरही ते प्रतिजन महिनोन्महिने रक्तात राहू शकतं. म्हणजे "जंत आत्ता जिवंत आहे का" या सर्वात महत्त्वाच्या प्रश्नाचं चोख उत्तर देणारी, गावात वापरता येणारी तपासणी नाही.

इथे छोट्या आरएनएंकडून आशा वाटते. चिठ्ठी जिवंत जंतच लिहितो, आणि आरएनए फार काळ टिकणारी वस्तू नाही. हृदयात जंत झालेल्या कुत्र्यांच्या रक्तात जंताचे मायक्रोआरएनए सापडले आहेत. मात्र लगेच हुरळून जाऊ नका. आफ्रिकेतल्या रिव्हर ब्लाइंडनेसच्या रुग्णांवर हाच प्रयोग झाला. सुरुवातीला काही आरएनए सापडले, पण नीट पडताळा घेतल्यावर त्यांचं प्रमाण इतकं कमी निघालं की तपासणी म्हणून ते उपयोगाचे ठरले नाहीत. तो जंत कातडीखालच्या गाठींत राहतो, त्याची पिल्लं रक्तात फारशी येत नाहीत. आपल्या जंताची पिल्लं रक्तातच फिरतात. त्यामुळे निकाल वेगळा लागू शकतो, नाहीही लागणार. करून पाहिल्याशिवाय कळणार नाही.

आणि करून कोणी पाहायचं? हा माझा मुख्य मुद्दा.

जगभरच्या प्रयोगशाळा ब्रुजियावर काम करतात, कारण तो जर्ड नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात वाढवता येतो. जगातले नव्वद टक्के हत्तीरोगाचे रुग्ण ज्याच्यामुळे आहेत, तो आपला वुचेरेरिया प्रयोगशाळेतल्या उंदरात वाढत नाही. तो माणसातच मिळतो. म्हणजे त्याच्या चिठ्ठ्या वाचायच्या तर बोस्टनमध्ये बसून उपयोग नाही, जिथे रुग्ण आहेत तिथेच काम व्हायला हवं. ते आपल्याकडे आहेत, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूरमध्ये. वर्ध्याला सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतलं जमनालाल बजाज उष्णकटिबंधीय रोग संशोधन केंद्र हत्तीरोगाच्या निदानावर कित्येक दशकं काम करत आलं आहे. नागपुरात एम्स आहे. पथकं रात्री गावात जातच आहेत. सगळे सुटे भाग इथे पडले आहेत, जोडणारा कोणी नाही.

मागणी साधी आहे. रात्रीच्या सर्वेक्षणात ज्यांच्या रक्तात पिल्लं सापडतील, त्यांना त्यांच्या भाषेत नीट समजावून, लेखी संमती घेऊन, औषध देण्याआधी दंडातून थोडं रक्त घ्यावं. मग औषधानंतर आठवड्याने आणि वर्षाने पुन्हा. त्यासाठी उपचार एक दिवसही लांबवू नये. ते नमुने विदर्भातच अतिथंड पेटीत जपावेत आणि इथल्या संशोधकांना त्यावर काम करायला पैसे द्यावेत. नमुने बाहेर पाठवायचे तर करार करून, इथल्या लोकांचा हक्क राखून. गोंडी आणि माडिया बोलणाऱ्या माणसाचा अंगठा इंग्रजी कागदावर घेणं म्हणजे संमती नव्हे, हेही त्यात लिहून ठेवावं.

यावर एक आक्षेप येणार आणि तो बिनबुडाचा नाही: "आधी नाल्या बांधा, मग आरएनए शोधा." उघड्या गटारी, तुंबलेले सेप्टिक टँक, जाळी नसलेले व्हेंट पाइप हे क्युलेक्सचे कारखाने आहेत आणि ते बंद करणं नगर परिषदेचं काम आहे. त्यासाठी कोणत्याही नोबेलची वाट बघावी लागत नाही. ज्यांचे पाय आधीच सुजले आहेत, त्यांनाही या संशोधनाचा फायदा नाही, हे स्वच्छ सांगायला हवं. त्यांना हवा आहे साबण, स्वच्छ पाणी, जखमेचं मलम, पायाचा व्यायाम, मापाची चप्पल आणि अंडवृद्धीची वेळेवर शस्त्रक्रिया. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी त्यांना घालाव्या लागणाऱ्या चकरा हा स्वतंत्र पोस्टचा विषय आहे. पण नाली बांधायची म्हणून तपासणी शोधायची नाही, हा हिशोब मला पटत नाही. नालीचे पैसे आणि संशोधनाचे पैसे एकाच खिशातून येत नाहीत, आणि एकाला नाही म्हटल्याने दुसऱ्याला मिळालेत असं आजवर झालेलं नाही.

घाई एवढ्यासाठी की वेळ थोडा आहे. मोहिमा यशस्वी होतील तसे पिल्लं असलेले रुग्ण कमी होत जातील. ते व्हायलाच हवं. पण मग नमुनेही मिळणार नाहीत. जिल्हा एकदा मुक्त जाहीर झाला की रात्रीची पथकं बंद होतात, तंत्रज्ञांच्या रिकाम्या जागा भरल्या जात नाहीत, निधी दुसरीकडे वळतो. जंत मात्र सहा-आठ वर्षं जगतो. जाहीर झाल्यानंतर पाच वर्षांनी कुठल्या टोल्यावर एखाद्याच्या अंगात मादी शिल्लक असेल, तर ती शोधायचं साधन आज तयार करावं लागेल.

आपल्या आमदार-खासदारांना हत्तीरोगावर प्रश्न विचारता येतात. गोळ्या किती वाटल्या याचा आकडा ते नेहमी विचारतात. किती जणांनी आशाताईसमोर गिळल्या, किती रात्रींचे रक्तनमुने झाले, तंत्रज्ञांच्या किती जागा रिकाम्या आहेत आणि विदर्भात हत्तीरोग संशोधनावर या वर्षी किती रुपये खर्च झाले, हे चार आकडे या अधिवेशनात विचारा. ज्यांची ओळख आहे त्यांनी ही पोस्ट त्यांच्यापर्यंत पोचवा. आणि तुमच्या गावात, वॉर्डात रात्रीचं रक्त घ्यायला शेवटचं पथक कधी आलं होतं, ते तालुक्याच्या नावासकट खाली लिहा. मी यादी करतो आहे.